बेलफास्टच्या धुमश्चक्रीतल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाच्या काळात घडणाऱ्या पोलीसकथा वाचायला घेतल्या की बहुतेकांना सारख्याच शंका येतात. त्यांची उत्तरं इथे देतो आहे. कोणत्याही कथेचा शेवट फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

हा काळ नेमका कोणता?

साधारण १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १० एप्रिल १९९८ पर्यंत, म्हणजे गुड फ्रायडे हा शांतता करार होईपर्यंत. तिथे या तीस वर्षांना 'द ट्रबल्स' म्हणतात. ऑगस्ट १९६९मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं आणि पुढे कित्येक वर्षं हटलं नाही. साडेतीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. आकडा लहान वाटत असेल तर प्रांताची तेव्हाची लोकसंख्या बघा, जेमतेम पंधरा लाख. सगळ्यात भयंकर वर्ष १९७२. त्या एका वर्षात सुमारे ४८० माणसं गेली.

भांडण धर्माचं होतं की राजकारणाचं?

राजकारणाचं, पण माणसाची बाजू ठरायची ती जन्मावरून. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावं असं म्हणणारे युनियनिस्ट बहुतांशी प्रोटेस्टंट, आणि आयर्लंड एक व्हावं म्हणणारे नॅशनलिस्ट बहुतांशी कॅथलिक. दोन्ही बाजूंना बंदूक हातात घेतलेल्या संघटना होत्या. आयआरए ही रिपब्लिकनांची, म्हणजे कडव्या नॅशनलिस्टांची. यूव्हीएफ आणि यूडीए या लॉयलिस्टांच्या, म्हणजे कडव्या युनियनिस्टांच्या. येशूच्या शिकवणीवरून कुणी कुणाला गोळी घातली नाही. घर, नोकरी, मत, पोलीस हे सगळं कुणाच्या ताब्यात, यावरून घातली.

रोज माणसं मरत होती, त्यात एका खुनाच्या तपासाला काय अर्थ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि चांगल्या कादंबऱ्या उभ्या राहतात त्याही याच प्रश्नावर.

नेहमीच्या रहस्यकथेत सगळं शांत असतं, एक खून होतो, घडी विस्कटते, डिटेक्टिव्ह येऊन ती परत बसवतो. बेलफास्टमध्ये बसवायला घडीच नव्हती. शिवाय 'कुणी मारलं' हे कोडंही बऱ्याचदा नसायचं. संघटना वर्तमानपत्राला फोन करून जबाबदारी घ्यायच्या. फोन खरा की थापेबाजी हे कळावं म्हणून ठरलेला सांकेतिक शब्द सांगायच्या. खून झाला, कबुली आली, कारणही सांगून झालं. मग डिटेक्टिव्हने करायचं काय?

खरा गुंता इथे सुरू होतो. ज्या शहरात प्रत्येक प्रेतावर आयतं लेबल लागतं, तिथे खाजगी खून लपवणं फार सोपं. भावाची जमीन हवी आहे, बायकोचा यार नकोसा झाला आहे, धंद्यातला भागीदार डोईजड झाला आहे? गल्लीच्या टोकाला डोक्यात गोळी घाला, लोक म्हणतील 'त्यांनी' मारलं, आणि वरिष्ठ अधिकारी फाइल बंद करायला मोकळे. या कथांमधला डिटेक्टिव्ह तेवढ्यावर थांबायला तयार नसतो. एवढ्या प्रेतांमधल्या एका प्रेतावरचं चुकीचं लेबल त्याला खुपतं. माझ्या मते या प्रकारात हाच हट्ट वाचण्यासारखा आहे. बॉम्ब आणि पाठलाग इतर थ्रिलरांतही भरपूर मिळतात.

एड्रियन मॅकिंटीची 'द कोल्ड कोल्ड ग्राउंड' (२०१२) अशीच सुरू होते. १९८१ साली एक मृतदेह सापडतो आणि सगळे धरून चालतात की कुणा खबऱ्याचा काटा काढलाय. प्रेताची अवस्था मात्र त्या गोष्टीशी जुळत नाही. याच मालिकेतली तिसरी कादंबरी 'इन द मॉर्निंग आय विल बी गॉन' याहून पुढे जाते. गुप्तचर खात्याला एक फरारी अतिरेकी हवा आहे. तो कुठे आहे हे एका बाईला ठाऊक आहे. तिची अट एकच: माझी मुलगी आतून बंद असलेल्या पबमध्ये मेली, ती कशी मेली ते शोधून द्या, मग पत्ता सांगते. सरकारला अतिरेक्याची पडली आहे, आईला मुलीची. दोन तपास एकाच डिटेक्टिव्हच्या गळ्यात बांधायची ही युक्ती मला फार हुशार वाटते.

बऱ्याच गाजलेल्या कथांमधला पोलीस कॅथलिकच का?

कारण तो दोन्हीकडून उपरा असतो. तेव्हाचं पोलीस दल म्हणजे रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी, थोडक्यात आरयूसी. १९२२ साली स्थापन झालेलं. प्रांतातले चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक कॅथलिक, पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस दलात ते जेमतेम आठ टक्के होते. कॅथलिक वस्तीत या दलाला 'त्यांचे पोलीस' समजत. त्यात भरती होणारा कॅथलिक आयआरएच्या लेखी गद्दार, आणि ठाण्यातल्या सहकाऱ्यांच्या मनात कायम एक शंका.

मॅकिंटीचा शॉन डफी असाच आहे. त्याचं ठाणं कॅरिकफर्गसमध्ये. बेलफास्टच्या खाडीवरचं, जुना नॉर्मन किल्ला असलेलं हे बहुसंख्य प्रोटेस्टंट गाव. लेखक स्वतः तिथेच वाढला. डफी कॉरोनेशन रोडवर राहतो आणि त्याच्या गल्लीत दुसरं कॅथलिक घर नाही. शेजारपाजारचे लोक त्याच्याशी बरे वागतात, पण वातावरण तापलं की कोण कुठल्या बाजूला उभं राहील हे त्यालाही सांगता येत नाही.

पोलिसांचं रोजचं जगणं कथांत दाखवतात तसंच होतं का?

बरंचसं. सकाळी गाडीत बसण्याआधी गुडघे टेकून, मान वाकडी करून गाडीखाली बघायचं. तिथे चुंबकाने चिकटवलेला डबा असू शकतो आणि त्यात पाऱ्याचा स्विच. गाडी उताराला लागली की पारा सरकतो, दोन तारा जोडल्या जातात आणि स्फोट होतो. डफी हे जवळजवळ प्रत्येक प्रकरणात करतो. सुरुवातीला वाचक श्वास रोखून वाचतो, मग सवय होते, पानं भराभर उलटली जातात. एखाद्या दिवशी डफी घाईत असतो, बघायचं विसरतो, आणि आपल्या पोटात गोळा येतो. लेखकाने ही सवय आपल्याला मुद्दाम लावलेली असते.

गणवेशाचे शर्ट बाहेर दोरीवर वाळत घालायचे नाहीत, बाबा काय करतात असं शाळेत कुणी विचारलं तर सरकारी नोकरी एवढंच सांगायचं, हे पोलिसांच्या घरांत मुलं लहानपणीच शिकत. त्या तीस वर्षांत दलातली सुमारे तीनशे माणसं मारली गेली, बरीचशी ड्यूटीवर नसताना.

तपासावरही याचा परिणाम व्हायचा. स्वतंत्र आयर्लंडच्या सीमेलगतच्या साउथ आर्माघमध्ये रस्त्याखाली सुरुंग असत, म्हणून पोलीस आणि सैनिक हेलिकॉप्टरने ये-जा करत. प्रेताच्याच खाली बॉम्ब दडवलेला असू शकतो, तेव्हा सैन्याचा बॉम्बतज्ज्ञ हिरवा कंदील दाखवेपर्यंत डिटेक्टिव्हने लांब उभं राहायचं. तोवर पावसाने पावलांचे ठसे धुऊन नेलेले.

मग पुरावे टिकायचे तरी कसे?

कधीकधी टिकायचेच नाहीत. सप्टेंबर १९९२मध्ये आयआरएने बेलफास्टच्या दक्षिणेला असलेली न्यायवैद्यक प्रयोगशाळाच अजस्र बॉम्ब लावून उद्ध्वस्त केली. कादंबरीत कुणी हे लिहिलं असतं तर संपादकाने 'जरा अति होतंय' म्हणून काट मारली असती.

साक्षीदार तोंड का उघडत नाहीत?

पोलिसांना माहिती देणाऱ्याला तिकडच्या बोलीत 'टाउट' म्हणतात. हा शब्द भिंतीवर रंगवलेला दिसला की ज्याच्यासाठी असेल त्याने गाव सोडायचं. न सोडणाऱ्यांचे मृतदेह सीमेवरच्या रस्त्यांच्या कडेला सापडत. काहींचे सापडलेच नाहीत. दहा मुलांची विधवा आई जीन मॅककॉनव्हिल हिला डिसेंबर १९७२मध्ये बेलफास्टमधल्या घरातून ओढून नेलं. तिचे अवशेष २००३ साली सीमेपलीकडच्या लाउथ परगण्यातल्या किनाऱ्यावर मिळाले. अशा बेपत्ता लोकांच्या शोधासाठी ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी १९९९मध्ये आयोग नेमला. त्याची अट ऐकण्यासारखी आहे: माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त राहील आणि ती माहिती कुणावरही खटला भरायला वापरता येणार नाही. प्रेत मिळेल, गुन्हेगार मिळणार नाही. कुटुंबांनी तेही पत्करलं.

शिवाय अनेक वस्त्यांत लोक पोलिसांकडे जातच नसत. घरफोडी झाली, पोरांनी गाडी पळवली, तर तक्रार संघटनेच्या माणसाकडे. शिक्षा म्हणजे गुडघ्यात गोळी. म्हणजे डिटेक्टिव्ह दार ठोठावतो तेव्हा त्या गल्लीत आधीच एक 'पोलीस' बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याला खुनी कोण हे ठाऊक असतं.

स्पेशल ब्रँच, म्हणजे पोलिसांची गुप्तचर शाखा, दर वेळी आडवी का येते? ही लेखकांची सोय नाही का?

सोय आहेच, आळशी लेखक तिचा गैरवापरही करतात. तपास अडला की वरून फोन येतो, फाइल काढून घेतली जाते, प्रकरण संपतं. पण मुळात गोष्ट खोटी नाही. आरयूसीची स्पेशल ब्रँच आणि सैन्याची गुप्त पथकं यांनी संघटनांच्या आत माणसं पेरली होती. त्या माणसांना वाचवायचं तर त्यांनी केलेल्या गुन्ह्यांकडे डोळेझाक करणं आलं. 'स्टेकनाइफ' या सांकेतिक नावाचा एक हेर तर आयआरएच्या ज्या तुकडीचं काम खबऱ्यांना शोधून मारणं होतं, तिच्यातच होता. त्याच्या कारवायांची चौकशी 'ऑपरेशन केनोव्हा' या नावाने २०१६मध्ये सुरू झाली. २०२४च्या अंतरिम अहवालाचा निष्कर्ष असा की त्याच्यामुळे वाचलेल्या जिवांपेक्षा गेलेले जीव बहुधा जास्त असावेत.

तेव्हा खुनाचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला खुनी आपल्याच पगारपत्रकावर आहे असं कळणं, ही कल्पनेची भरारी नाही.

पकडल्यावर कोर्टात काय व्हायचं?

ज्युरीचे सदस्य धमकावले जातील किंवा आपापल्या बाजूने झुकतील या भीतीने १९७३पासून दहशतवादाशी संबंधित खटले ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशासमोर चालत. ही डिप्लॉक कोर्टं. बऱ्याच शिक्षा कबुलीजबाबावर होत आणि ते कसे मिळवले यावरून वाद होत. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माफीचे साक्षीदार आले. एकाच्या साक्षीवर डझनावारी आरोपी आत जात. त्यातल्या अनेकांच्या शिक्षा अपिलात रद्द झाल्या. कादंबऱ्या सहसा कोर्टाच्या दारापर्यंतही जात नाहीत, त्याचं एक कारण हे असावं.

समोरचा कोणत्या बाजूचा हे पात्रं इतक्या झटकन कसं ओळखतात?

नाव, आडनाव, शाळा, राहण्याची गल्ली. शाळा वेगळ्या असल्यामुळे 'कुठे शिकलास?' एवढं विचारलं की पुरे. दुसऱ्या मोठ्या शहराला कुणी 'डेरी' म्हणतो, कुणी 'लंडनडेरी'. इंग्रजीतलं आठवं अक्षर कॅथलिक माणूस 'हेच' म्हणतो, प्रोटेस्टंट 'एच'. चांगला लेखक यातला एखादा तपशील संवादात टाकतो आणि पुढे निघून जातो. कादंबरी इंग्रजीत वाचत असाल तर असे संवाद सावकाश वाचा, खुणा तिथेच पेरलेल्या असतात.

यातला इतिहास खरा मानायचा का?

तारखा आणि सार्वजनिक घटना बहुतेक खऱ्या असतात, गुन्हा काल्पनिक. १९८१च्या कथेत रिपब्लिकन कैद्यांचं तुरुंगातलं उपोषण येणारच. आयआरएच्या बॉबी सँड्सने १ मार्चला अन्न सोडलं, ९ एप्रिलला तो तुरुंगातूनच ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि ५ मे रोजी, ६६व्या दिवशी, मेला. ऑक्टोबरमध्ये उपोषण थांबलं तोवर दहा जण गेले होते. प्रत्येक मृत्यूनंतर दंगल, बसची जाळपोळ, नाकाबंदी. डिटेक्टिव्हला साक्षीदाराच्या घरी जायला जो उशीर होतो तो यामुळे.

मला मात्र इतिहासाचे कमी माहीत असलेले कोपरे दाखवणाऱ्या कथा जास्त आवडतात. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये १९६७ साली प्रौढ पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण उत्तर आयर्लंडमध्ये तो कायदा लागूच झाला नाही. तिथे बदल व्हावा म्हणताच प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि युनियनिस्ट पुढारी इयन पेझली यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. शेवटी युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने ऑक्टोबर १९८१मध्ये निकाल दिला आणि १९८२मध्ये कायदा बदलला. 'द कोल्ड कोल्ड ग्राउंड'मधला तपास नेमका या फटीत घडतो. साक्षीदार बोलला तर स्वतःच गुन्हेगार ठरेल. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन्ही बाजूंचे धर्मगुरू या एका बाबतीत मात्र एकमताने बोलतात, आणि डफीला ते चांगलंच झोंबतं.

खऱ्या बळींच्या कुटुंबांना हे वाचून काय वाटत असेल? यावर करमणूक करणं बरोबर आहे का?

सरसकट उत्तर नाही. इयोन मॅकनमीची 'रेझरेक्शन मॅन' (१९९४) ही १९७०च्या दशकातल्या 'शँकिल बुचर्स' या लॉयलिस्ट टोळीवर बेतलेली आहे. ही माणसं रात्री कॅथलिक वाटणाऱ्या पादचाऱ्याला उचलत आणि सुऱ्याने मारत. लेखन देखणं आहे, आणि माझी अडचण तिथेच होते. वाक्यं इतकी सुंदर की मारणारा झळाळून दिसतो आणि मेलेला अंधारात राहतो. इतरांना तीच कादंबरी या विषयावरची सर्वोत्तम वाटते, हेही सांगायला हवं.

मी एक साधी कसोटी लावतो. पुस्तक मिटल्यावर मेलेल्या माणसाबद्दल मला काही आठवतं का? त्याचं काम, त्याच्या खिशात काय होतं, त्याची वाट कोण बघत होतं? आठवत असेल तर लेखकाने त्याचा नुसता वापर केलेला नाही.

करार झाला, मग या कथा संपल्या का?

उलट वाढल्या. स्फोट चालू असताना तिथल्या फार थोड्या लेखकांना त्यावर रहस्यकथा लिहाविशी वाटली. खरी लाट २०००नंतर आली.

कारण करारात एक काटा आहे. संघटनांच्या कैद्यांना दोन वर्षांत सोडायचं ठरलं. १९९८च्या आधीच्या अशा गुन्ह्यासाठी नंतर कुणी दोषी ठरला तरी त्याने जास्तीत जास्त दोन वर्षं आत काढायची. म्हणजे बापाला मारणारा माणूस दुकानात रांगेत पुढे उभा दिसू शकतो. स्टुअर्ट नेव्हिलच्या 'द ट्वेल्व्ह' (२००९) मध्ये तर मारेकरीच नायक आहे. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या गेरी फेगनच्या मागे त्याने मारलेली बारा भुतं फिरतात, आणि ज्यांनी हुकूम दिला त्यांचा हिशेब मागतात. हुकूम देणारे आता सूट घालून राजकारणात आहेत. ही रूढ अर्थाने डिटेक्टिव्ह कथा नाही, तरी गुन्ह्याच्या मुळापर्यंत जाणं तिच्यात आहेच.

पोलीसही बदलले. नोव्हेंबर २००१मध्ये आरयूसीच्या जागी पीएसएनआय हे नवं पोलीस दल आलं आणि दहा वर्षं भरती अर्धे कॅथलिक, अर्धे इतर अशी झाली. २००५मध्ये जुने खून पुन्हा तपासायला खास पथक नेमलं, ते २०१४मध्ये गुंडाळलं. कथालेखकांना इतका आयता मालमसाला क्वचितच मिळतो.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'द कोल्ड कोल्ड ग्राउंड'पासून, आणि डफीची मालिका क्रमानेच वाचा. एकेका कादंबरीत एक-दोन वर्षं पुढे सरकतात. तो थकत जातो, जास्त प्यायला लागतो, सहकारी कमी होत जातात. मधूनच वाचलं तर हे हातचं जातं. बंद खोलीतल्या खुनाचं कोडं आवडत असेल तर तिसरी आणि पाचवी चुकवू नका. पाचवी म्हणजे 'रेन डॉग्ज'. तिच्यात प्रेत रात्री कुलूपबंद असलेल्या कॅरिकफर्गस किल्ल्यात सापडतं. तिला २०१७ सालचा एडगर हा रहस्यकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. बोली जड वाटली तर जेरार्ड डॉयलच्या आवाजातली ऑडिओ आवृत्ती ऐका, अर्धी अडचण तिथेच सुटते.

रक्तपात झेपत नसेल तर ब्रायन मॅकगिलोवेची 'बॉर्डरलँड्स' (२००७) आधी घ्या. काळ करारानंतरचा, नायक सीमेपलीकडच्या आयरिश पोलीस दलातला इन्स्पेक्टर डेव्हलिन, बायकापोरं असलेला आणि नियमाने चर्चला जाणारा. एका मुलीचं प्रेत बरोबर सीमारेषेवर पडलेलं आहे आणि पहिला प्रश्न हाच की तपास कोणत्या देशाने करायचा. 'रेझरेक्शन मॅन' शेवटी ठेवा, आणि झोपायच्या आधी वाचू नका.